नोंद

नागभीडच्या पुढे रस्ता कच्चा होतो
आणि माझं बोलणंही.
मागच्या सीटवर दोन रिकाम्या बॅगा.
आत्यानं त्या बघितल्या, काही बोलली नाही,
अंगणात वाळत घातलेली मोहफुलं
हातानं सारखी करत राहिली.

पंचफुला मेश्राम, वय एक्क्याऐंशी,
सेवानिवृत्त नर्सबाई.
सायकलवर सहा गावं, नऊशे बारा बाळंतपणं,
त्यातली सतरा तिला अजून झोपू देत नाहीत.
लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते,
“सवड नाही भेटली.”

करुणानं पुण्याहून यादी पाठवली आहे,
पुढे हो-नाहीचे चौकोन :
पडतात का? गोळ्या विसरतात का?
स्वयंपाक नीट सांभाळतात का?
रात्री एकट्या असतात का?
मी मोबाईल धरून परीक्षकासारखा खाटेवर बसलो,
जिनं माझी नाळ कापली
तिला प्रश्न विचारायला.

“बिबट येते म्हणे गावात?”
“येते. खताच्या खड्ड्यापावतर येते, पाह्यते, जाते.
थो काही मले बॅगीत भरून नेत नाही.”

रोज सकाळी ती बांबूच्या कुंपणावर
हिरवा टॉवेल टाकते.
तो दिसला की समोरचा शालीक टपरी उघडायला जातो.
आठपर्यंत दिसला नाही
तर कुंपण ओलांडून आत यायचं, असं ठरलं आहे.
शालीक पायाळू.
“मीच वढला त्याले पायाले धरून.
आता त्याची पारी.”

रात्री लाईट गेली. मी जागाच.
ती उठली, बॅटरी लावली नाही.
मी मोजलं. खाटेपासून मोरीपर्यंत अकरा पावलं,
तळवा भिंतीवरून सरकत.
संध्याकाळी दिसला होता तो चुन्यावरचा पट्टा,
कमरेच्या उंचीला, काळपट, तेलकट,
भिंत वळते तिथे तोही वळलेला.
आमच्या फ्लॅटमध्ये
भिंतींना धुता येणारा रंग आहे.

येताना मात्र तिनं चहाचं पाणी चढवलं,
बटण फिरवलं, काडी ओढायची राहिली,
आणि खाटेवर येऊन बसली,
कुणाच्या तरी घरून बोलावणं यायचं असावं तशी.
वास आला.
मी बटण बंद केलं, बिबट्याला न जुमानता दार उघडलं,
आणि पुन्हा झोपेचं सोंग घेतलं.

उजाडताना करुणाचा फोन : काय दिसलं?
मी टॉवेलचं सांगितलं. शालीकचं. पट्ट्याचं.
मोहफुलं वेचायला पाचला जाते, वाकते, उठते, तेही.
गॅसचं जिभेवर आलं होतं
तेवढ्यात रेंज गेली.
किंवा मीच फोन कापला.

आत्या दारात, ओचा भरलेला.
“राती गॅस तू बंद केला ना?”
मी मान हलवली.
“मंग काहून नाही सांगतलं तिले?
एका बाईचं बीपी मी अंदाजानं लिवलं होतं. एकडाव.
एकडावच.”
बराच वेळ ती फुलांतला कचरा निवडत होती.
“रजिस्टरात खोटं नाही लिवाव, बाप्पा.”

मग चष्मा पुसून तिनं मोबाईल मागितला,
एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली.
स्वयंपाक : नाही.
गोळ्या विसरतात का : नाही.
पडतात का : हो. पोळ्याच्या दिवशी. मला माहीत नव्हतं.
रात्री एकट्या असतात का,
इथे बोट थांबलं.
“याच्यात तिसरा चौकोन काहून नाही ठेवला?”

बाहेर काहीतरी करकरलं.
सव्वाआठ झाले होते.
शालीकनं कुंपणावर एक पाय टाकला होता,
पायच आधी.
“जिती हाओ रे!” ती ओरडली
आणि टॉवेल घेऊन धावली,
म्हणजे, तिच्या वयाला धावणं म्हणतात तेवढी.

एका बॅगेत तिनं मोहफुलं भरली आहेत, करुणासाठी.
दुसरीची चेन मी उघडतो,
लावतो.