बर्फाचा खडा

पवईच्या बाईंनी उदबत्ती लावून सांगितलं,
कळ असं काही नसतंच, लाट म्हणा.
बाहेर चपला घालतानाच मी म्हटलं, नको.
दुसरीकडे फी आधी, प्रश्न शेवटी,
आणि हर्षलला खुर्चीच नव्हती.

फ्लोरा पेणकर, भायखळा, तिसरा मजला.
निवृत्त सिस्टर. चष्म्याच्या दांडीला चिकटपट्टी.
त्यांनी मला नाही, आधी त्यालाच विचारलं,
हिला कळा आल्या की तू काय करशील?
डॉक्टरांना बोलवीन.
ते येईपर्यंत?
तो फरशीकडे बघत बसला.

मग दोघांच्या मुठीत बर्फाचा एकेक खडा.
मिनिटभर. सोडायचा नाही.
विसाव्या सेकंदाला हर्षलने टाकला.
माझा कोपरापर्यंत ओघळला.
सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, पुन्हा.
आता खडा फक्त हिच्या हातात,
आणि तू हिच्याशी बोल.

काय बोलणार? लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस.
मजले मोजू लागला:
चौथा... पाचवा... सहाव्याला जरा अडेल हं,
घाबरू नकोस, दोर पक्का आहे...
आता उतरतेय. पाचवा. चौथा.
तळ.

काळाचौकीत आमच्या घरी
आता रोज रात्री बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटतो.
आतून सासूबाई विचारतात,
सरबत करताय की काय या वेळेला?

काल पहाटे पोट दगडासारखं झालं.
खोटी कळ असावी.
मी हूं की चूं केलं नाही,
नुसतं त्याचं मनगट धरलं.
अंधारात, डोळे न उघडता,
त्याने विचारलं,
कितवा?