डाव्या गुडघ्याखाली

भायखळ्याच्या बागेत नाक तुटलेला एक लॉर्ड.
टूथब्रशनं मी त्याचा डावा पाय घासते:
गुडघ्याखाली संगमरवरी पट्टा, बक्कल शाबूत.

म्हणे नाचताना कुणा बाईचा मोजेबंद गळला,
दरबार फिदीफिदी हसला.
राजानं तो उचलून स्वतःच्या पायाला बांधला.
पावणेसातशे वर्षांपूर्वीचं, खरंखोटं कोण सांगणार?
राजा-युवराज धरून सव्वीस जण,
जागा पागडीच्या खोल्यांसारख्या,
एक मेला की दुसरा आत.
त्या बाईचं नाव यादीत नाही.

शिडी उतरताना
माझ्या पोटरीचं क्रेप बँडेज सुटलं,
घसरलं पार घोट्यापर्यंत,
निळ्या शिरा उघड्या.
सहलीची पोरं खिदळली.
रखवालदार भिवा सकटेनं
धुळीतलं टोक उचलून हातात दिलं
आणि बघत राहिला
लॉर्डच्या नाकाकडे.