पार्किंग क्रमांक सत्तेचाळीस

इतिवृत्तात मी एवढंच लिहिलं:
विषय सहावा, मागच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक. पुढे ढकलला.
सचिवाला कारणासाठी एक ओळ मिळते.
मला पुरली नाही.

कंत्राटदाराने मार्चअखेर खडी अंथरली
आणि ती टिटवीला आवडली.
चार अंडी, खडीच्याच रंगाची, खडीतच.
आधी दिसली केरबाला.
वॉचमनचं लक्ष जमिनीवर असतं,
आमचं लिफ्टच्या आकड्यांवर.

जागा खर्शीकरांची. गाडी नवी,
सीटवरचं प्लास्टिकही न निघालेलं.
ती त्यांनी बाहेर रस्त्याला लावली, कुरकुरत, पण लावली.
त्यांच्या आई खिडकीतून म्हणाल्या,
टिटवी रात्री ओरडली की कुणीतरी जातं.
खाली सगळे गप्प.
मग त्याच म्हणाल्या, जाईन मी.
आधी हिची पिल्लं निघू देत.

दुपारच्या चाळीस अंशांत
ती कोपऱ्यातल्या गळक्या नळाशी यायची,
पोटाची पिसं भिजवून परत अंड्यांवर.
त्याच नळाची तक्रार माझ्या रजिस्टरात, तीनदा.
दिवस टँकरचे.
प्लंबर आला, त्याला पान्यासकट परत पाठवला.
हे पाणी जमाखर्चात कुठे दाखवू?
खजिनदार इंगवले चष्मा पुसत म्हणाले,
दाखवू नका.

मुजावरांचा तन्वीर सीईटीचं पुस्तक घेऊन
कावळ्यांवर पहाऱ्याला.
सी विंगच्या पोरांनी विटा मांडल्या, दोरी बांधली.
दोरीला पाटी कुणी अडकवली, कळलं नाही:
'आई झोपलेली नाही. बघते आहे.'

अठ्ठाविसाव्या दिवशी तीन निघाली.
चौथं अंडं तसंच राहिलं.
लिंबाएवढी ती तीन, आईच्या मागून,
जिमच्या काचेखालून, जनरेटरला वळसा घालून
राम नदीच्या दिशेने.
केरबाने मोठं गेट उघडलं,
चेअरमनच्या गाडीला उघडतो तसं, पूर्ण.
बाहेर खर्शीकर रस्त्याच्या मधोमध,
दोन्ही हात पसरून, टेम्पोवाल्याच्या शिव्या खात.
पलीकडे किती पोचली,
ते मोजायचं राहूनच गेलं.

नळ दुरुस्त झाला.
आई आहेत. रात्री खिडकी उघडी ठेवतात.
पुढच्या सभेत पेव्हर ब्लॉक पुन्हा आहेत, विषय चौथा.
खर्शीकरांची गाडी अजून रस्त्यालाच असते.
विचारलं तर म्हणतात,
सवय झाली.