वाक-चाचणी

काकोड्याच्या आयटीआयत वेल्डिंगची शेड आहे तिथे
पूर्वी मिनेरचे ट्रक धुवायचे म्हणतात.
अजून भिंतीला ओल आली की तांबडं उतरतं.

आठ बूथ. चालू पाच.
दोन ट्रान्सफॉर्मर माझ्या वयाचे,
तिसरा माझ्याहून मोठा, त्याला मी अहोजाहो करतो.
काड्या मोजून देतो, दर मुलामागे चार,
रेशनच्या साखरेसारख्या.

जूनमध्ये वेर्ण्याहून कंपनीचा माणूस आला,
इस्त्रीचा शर्ट, हातात यादी:
मिग हवं, टिग हवं, रोबोचा हात चालवता यायला हवा.
मी चहा मागवला.
म्हटलं, मुलं आहेत. हात आहेत.
रोबोचा तेवढा तुम्ही आणा.
तो हसला. वही मिटली.

सुकांती वेळीप रिवण्याहून येते, दोन बस बदलून.
खाण बंद झाल्यापासून बापाचा टिपर अंगणात उभा,
चाकांवर दोडक्याचा वेल चढलाय.
हप्ते मात्र कुठेच उभे राहिले नाहीत.

पहिल्या आठवड्यात ती ठिणगीला दचकायची.
काडी पत्र्याला चिकटायची, जीभ टाळूला.
मी म्हणायचो, डोळ्यांनी नको गं, कानांनी वेल्ड कर,
तव्यावर मासा तळताना येतो ना, तसा आवाज,
एकसारखा. खंडला, म्हणजे हात हलला.
"मग येईल सर. मासे घरी मीच तळते."

डिसेंबरात वाक-चाचणी.
जोडलेली पट्टी वायसमध्ये आवळायची
आणि हातोड्याने वाकवायची, पार दुमडेस्तोवर.
नियम एकच:
पत्रा फाटला तरी चालेल, जोडाला तडा नको.

मुलगे पुढे सरसावले.
एकेकाची पट्टी टक् करून
नेमक्या जागी दगा देत गेली.

सुकांतीची वाकली.
आणखी वाकली.
घोड्याच्या नालासारखी झाली.
पंखासुद्धा ऐकू येऊ लागला.
तिने भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं,
मग जवळजवळ तक्रारीच्या सुरात:
"सर, जोड मोडूंक ना."

ती पट्टी माझ्या कपाटात आहे.
वेर्ण्याचा माणूस पुन्हा आला
की चहाबरोबर बशीत ठेवणार आहे.

तिने मात्र काल विचारलं,
टिपरचा मागचा फाळका निखळलाय,
चार काड्या जास्तीच्या मिळतील का.

मी रजिस्टरात लिहिलं: सराव.