परत दाखवताना

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला आमची फाउंड्री.
काट्याजवळच्या खोलीत कॉम्प्युटर,
त्यावर काळी वाळू रोज बसते, मी रोज पुसते.
की-बोर्डमधली निघत नाही.

भरमाप्पा मच्छेहून सायकलने येतो.
वजन टाकतो, हीट नंबर टाकतो, रिजेक्शन टाकतो.
त्याच्या एका बोटाखाली तीन कळा मावतात.
मार्चमध्ये दराचा अख्खा रकाना उडाला.
"मी काय केलो नाही अक्का, तेच गेलं की."

म्हणून एका रविवारी मी मॅक्रो लिहिला.
फाइल उघडली की रिबन जाईल,
फॉर्म्युला बार जाईल,
ए बी सी डी जातील, एक दोन तीन जातील,
रेघा, खालच्या टॅब, सगळं फॉल्स.
उरतील तीन चौकोन आणि एक हिरवं बटण: जमा.
सोमवारी भरमाप्पाने पडद्याकडे बघितलं
सारवलेल्या अंगणाकडे बघावं तसं.
"बरं झालं. आता चुकायलाच जागा नाही."

आणि एक शीट होतं, कपात नावाचं.
मालकांच्या सांगण्यावरून ते जास्तच खोल ठेवलेलं:
राइट क्लिक केलं तरी यादीत येत नाही,
कोडमधून हाक मारली तरच उठतं.
व्हेरी हिडन म्हणतात त्याला.
नुसतं लपलेलं वेगळं, हे वेगळं.
तेव्हा मला त्या शब्दाचं कौतुक वाटलं होतं.

दिवाळीच्या आधी, शेवटच्या पाळीला,
फाइल बंद होताना कोड मध्येच अडकला. पिवळी ओळ.
भरमाप्पाने एंड दाबलं. कोणीही तेच दाबलं असतं.
झाकणारं चाललं होतं, उघडणारं चाललंच नाही.
मालकांनी त्याच मशीनवर स्वतःची फाइल उघडली,
तीही भुंडी.
"शैला, सगळं गेलं!"

काही गेलं नव्हतं.
आधी काय दिसत होतं, काय मुळातच मिटलेलं होतं,
ते लिहून न ठेवता झाकलं, एवढंच.
माझीच चूक. म्हणून घाईत
दिसेल त्याला ट्रू लिहीत गेले.
प्रत्येक शीटला, ट्रू.

रिबन आली. अक्षरं आली, आकडे आले.
खाली टॅबांची रांग उगवली
आणि रांगेच्या शेवटी कपात.

मालक फोन घेऊन बाहेर गेले होते.
भरमाप्पा माझ्या खांद्यामागे उभा.
"इष्टेल्ला इत्तेनक्का?"
मग मराठीत, हळू, "एवढं सगळं होतं होय इथं?"
खाली जा म्हणाला, मी खाली गेले.
काळ्या नखाचं बोट काचेवरून उतरत राहिलं:
यल्लाप्पा, सिद्राय, बाबू मुल्ला.
"हे तर मी टाकलेले आकडे की.
मी वाळूला लिहायचो अक्का, ओल्या वाळूला.
हे पोरांच्या पगारातून गेलं?"

मी काही बोलले नाही.
नव्या कोडची पहिली ओळ लिहून झाली होती:
झाकण्याआधी, काय होतं ते लक्षात ठेव.
तिच्यापुढे कर्सर लुकलुकत होता.
व्हरांड्यात मालकांचं बोलणं जवळ येत होतं.

भरमाप्पाने खिशातून पेन काढलं
आणि काट्याच्या पावतीच्या पाठीवर
कन्नड आकड्यांत उतरवायला लागला.

मी पडदा थोडा त्याच्याकडे वळवला.