कथा

हिमालयातून आणलेलं सर्टिफिकेट
बैठकीत घड्याळाखाली टांगलंय.
चौदा हजार फूट, खाली कुणाची तरी सही.
तिथं तंबू आधीच ठोकलेले होते,
शिट्टी साडेपाचला, सूप सहाला,
आणि कुठं भारावून जायचं
ते गाईड बोटानं दाखवायचा.
पाहुणे विचारतात, मी सांगतो.
दोन मिनिटांत संपतं.

चैत्रात लोटन म्हणाला, चल, उनपदेवला आंघोळ करू,
(असल्या उन्हात, गरम झऱ्यावर!)
मागच्या डोंगरातून उतरू, संध्याकाळी चोपड्यात.
दोन बाटल्या पाणी, कळण्याच्या भाकरी चार, ठेचा,
आणि त्याच्या मेव्हण्यानं
बिडीच्या पाकिटावर काढून दिलेला नकाशा.

नकाशात एक नाला होता.
सातपुड्यात तीन निघाले, तिन्ही कोरडे.
अंजनाची झाडं सगळी एकाच आईची.
मोबाईल नुसताच तापलेला.
ऊन डोंगरापलीकडे गेलं तेव्हा लोटननं
बाटली उलटी करून दाखवली,
काही न बोलता.

मीच मग मोठमोठ्यानं बोलत राहिलो:
कापसाचा भाव, चौधरी मास्तरांची छडी, काहीही.
पाचोळ्यात काहीतरी चाललं
आणि थांबलं.
आम्हीही थांबलो.
जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी लोळवणारा लोटन
माझ्या शर्टाचं टोक धरून उभा,
आणि मला ते कळलंय
हे त्यालाही कळलं.

पाण्यावाचून भाकरी घशाखाली उतरेना.
त्याचंच हसू फुटलं. इतकं हसलो
की पाचोळ्यातलं जे होतं
ते निघून गेलं असावं.
खडक रात्रभर दिवसाची ऊब परत करत होता.
अंधारात मोहाची फुलं पडत होती,
एक. मग बराच वेळ काही नाही. मग दोन.
इतकं लक्ष देऊन मी
आयुष्यात काही ऐकलं नव्हतं.

फटफटताना टोपली घेऊन पोरगा आला,
रुमल्या पावरा, चौथीतला, फुलं वेचायला.
रस्ता कुठाय रे?
त्यानं आमच्याकडे बघितलं, खालपासून वरपर्यंत.
'हा काय.'

दीडशे पावलं. मी मोजली.
डांबरी, मधोमध पांढरी रेघ,
आणि वळणावरून चोपड्याची पहिली एसटी.

आई दारातच उभी:
'कथा गयथा रे रातभर?'
आमच्या अहिराणीत
कथा म्हणजे कुठे.
चप्पल न काढताच सांगायला बसलो.

दिवाळी आली, अजून सांगतोय.
शर्टाच्या टोकापाशी पोचलो
की लोटन खाकरतो,
म्हणतो, ते ऱ्हाऊ दे.