बाण

नववीचा वर्ग, केप्याची शाळा, पहिला तास.
फळ्यावर दोन शब्द लिहिले: युद्ध. क्रांती.
आणि मधे बाण ओढला
एकवीस वर्षं ओढतो आहे तसाच,
खडूच्या एका फटक्यात.

खिडकीकडच्या बाकावरून सुकोरीन बार्रेटोने विचारलं,
सर, त्या बाणात काय असतं?

पुस्तकात आहे उत्तर.
महागाई, पराभव, सैन्यातला असंतोष.
चार मुद्दे, चार गुण.
मी सांगायला तोंड उघडलं
आणि रस्त्यावर उशीर झालेल्या पदेराचा भोंपू वाजला.

म्हटलं, समजा हा उद्या आला नाही.
परवाही नाही. पीठ आघाडीवर गेलं,
आणि पिठामागून त्याचा मुलगा.
"भात खाऊ!" कोणीतरी ओरडलं, वर्ग हसला.
तांदूळही नेला, मी म्हटलं.
"मग मासळी."
होड्यांना डिझेल नाही.
यावर हसले, पण सगळे नाही.

मग त्यांना पेट्रोग्राडच्या रांगेत उभं केलं.
बर्फ कोणी पाहिलेला नव्हता,
म्हणून मडगावच्या बाजारात
बांगड्यांवर पसरतात तो घेतला,
घोट्यापर्यंत घातला, रात्रभर.
बायका उभ्या. दुकानाची फळी बंद.
घोडेस्वार आले. मागून शिपाई आले.
हुकूम आला: नेम धरा.

रुद्रेश वेळीप एरवी बोलत नाही.
कापणीआधी बापाबरोबर रानडुकरं राखतो,
शाळेत येऊन झोपतो.
तो म्हणाला, किती वेळ धरून होते?
म्हणजे?
बंदूक, सर. जड असते.
पुढे बघत राहिलं तर हात कापतो.
आणि समोरचं हललं नाही तर जास्तच.

किती वेळ ते पुस्तकात नाही.
मीही कधी विचारलं नव्हतं.

सुकोरीन उभीच होती.
तिच्या आजीचा भाऊ पोर्तुगिजांच्या फौजेत,
मोझांबिकला, लेखनिक.
गोवा सुटला तरी तो तिकडेच अडकला.
पत्रं येत: ताप, मच्छर, पगार उशिरा.
चौऱ्याहत्तरच्या एप्रिलातलं एक पत्र
आजीने प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय.
लिस्बनला फुलं खोवली म्हणे बंदुकांच्या नळ्यांत,
त्यातलं पत्रात काही नाही.
एवढंच, की आज गस्तीला कोणी गेलं नाही.
जाऊ नका असं कोणी म्हटलं नव्हतं.
बूट घालून सगळे पायरीवर बसले
आणि कप्तानही येऊन बसला.

वर्गात पंख्याचा तेवढा आवाज.

सगळ्याच युद्धांतून क्रांती होत नाही,
हे सांगायचं होतं.
पुष्कळांतून नुसत्या पेन्शनच्या रांगा निघतात,
आणि क्रांतीनंतरही पाव लगेच येत नाही,
कधी कधी बंदुकाच आधी येतात.
पण घंटा झाली.
"सर, परीक्षेला काय लिहायचं?"
चार मुद्दे लिहा, मी म्हटलं,
आणि लाज वाटली तरी तेच म्हटलं.

डस्टर फिरवला. शब्द गेले.
बोलता बोलता मी त्या बाणावरून
इतक्यांदा खडू फिरवला होता
की तो जाईना.
दारात भूगोलाच्या फळदेसाई बाई उभ्या,
बगलेत नकाशा.
असू दे, म्हणाल्या, मला लागेलच.

व्हरांड्यातून वळून पाहिलं:
बाणाच्या एका टोकाला त्यांनी लिहिलं होतं
जास्त दाब,
दुसऱ्या टोकाला कमी,
आणि मुलं वहीत वारा काढत होती.